हौदाच्या काठचा पाइप

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. मास्तरांचा अर्धा जन्म त्या ब्रेकवर पाय ठेवून गेला होता, त्यामुळे घरी जेवताना, टीव्ही बघताना, अगदी बायकोशी वाद घालतानासुद्धा त्यांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. निम्म्या गावाला त्यांनीच गाडी शिकवली होती आणि त्या निम्म्या गावाला रिकाम्या चौकातही थांबायची सवय लागली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मास्तर न पोळताच फुंकत आले होते.

अशा माणसाच्या पोटी भिंगरी यावी! शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं होतं, पण ती चालायला शिकली तीच पळत, म्हणून आत्याने भिंगरी म्हटलं आणि तेच चिकटलं. पालिकेने बस डेपोच्या मागे स्केटिंगचा पार्क बांधला, तेव्हा ती आठवी-नववीत असेल. पार्कच्या मधोमध सिमेंटचा भलामोठा खोलगट खड्डा होता, पाणी काढून टाकलेल्या हौदासारखा, आणि सगळे त्याला हौदच म्हणत. पोरं स्केटबोर्डवर उभी राहून काठावरून स्वतःला आत सोडून देत, तळाशी वेग घेत आणि समोरच्या काठावर वर निघत. भिंगरीने मैत्रिणीचा जुना बोर्ड घेतला आणि शाळा सुटली की ती हौदावर, हा नेम झाला.

मास्तरांनी तिला अडवलं नाही. अडवून ऐकणारी नव्हतीच ती. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "जिथे माझ्या पायाखाली ब्रेक नाही, तिथे मी बसत नाही. मला ते दाखवायला बोलावू नकोस." तिने दोनदा बोलावलं, मग बोलावणं सोडलं. मास्तर शिकाऊ गाडीही डेपोच्या अलीकडेच डावीकडे वळवायला लावत. आजही त्या गावात डेपोच्या चौकात उजवीकडे वळताना गांगरणारे बरेच लोक सापडतील, ते सगळे मास्तरांचे विद्यार्थी.

भिंगरी पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं, कोपरांना, गुडघ्यांना पॅड होते, सगळं नियमाप्रमाणे होतं. फक्त पाठीला बांधायला काही नसतं. आता तिला पाय होते, पण ते नुसते दिसायला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे तिला खाली न्यायचं म्हणजे मास्तर आणि शेजारचा सुतार, दोघं मिळून खुर्चीसकट उचलायचे. सुताराची पाठ दुखायची, पण तो बोलायचा नाही. भिंगरी त्या वेळी डोळे मिटून घ्यायची. बोलणं तर तिने जवळजवळ बंदच केलं होतं. विचारलं तर हो किंवा नाही, आणि बाकी वेळ भिंतीकडे तोंड.

आणि मास्तर? त्यांना काहीच वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगा, अगदी काहीच नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, धक्का बसलाय, उतरेल. मग महिने गेले. ते वेळेवर उठत, गाडी पुसत, शिकवायला जात, जेवायला वाढलं की जेवत. भाजीत मीठ नव्हतं हे बायकोने दुसरा घास घेतल्यावर ओरडून सांगितलं, तेव्हा यांचं ताट संपलेलं होतं. कोणी विनोद केला तर ते हसत, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. दाताला भूल दिल्यावर आपलाच ओठ आपल्याला परक्याचा लागतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

दावा लावायचं भिंगरीच्या आईने ठरवलं. ती खमकी बाई. तिला तळमजल्यावरचं घर हवं होतं, आणि दूरच्या शहरातल्या त्या केंद्रातले उपचार हवे होते, जिथे अशा मुलांना पुन्हा उठायला, बसायला, आपलं आपण आवरायला शिकवतात. दोन्ही गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. पालिकेने भरपाई दिली तरच. "पार्क त्यांचा, पाइप त्यांचा, मग पोरगी काय हवेत पडली?" ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "लाव." ते तेव्हा कशालाही 'लाव'च म्हणाले असते.

पाइप म्हणजे हौदाच्या काठावर बसवलेला लोखंडी पाइप. बोर्ड काठावर आला की त्याच्यावरून घासत जातो. तो एका जागी सैल झाला होता आणि भिंगरी नेमकी तिथेच पडली होती.

त्यांचे वकील गोल चेहऱ्याचे, सतत पेपरमिंट चघळणारे गृहस्थ होते. त्यांनी तिघांना ऑफिसात बसवून कायदा समजावला.

"हे बघा, खेळात पडणं हे ज्याचं त्याचं. तिथे तशी पाटीही आहे, स्वतःच्या जबाबदारीवर खेळावं म्हणून. त्यामुळे नुसती पडली म्हणून पालिका एक दमडी देणार नाही. पण वस्तूच मोडकी असेल तर गोष्ट वेगळी. मग दोन प्रश्न येतात. पाइप सैल आहे हे पालिकेला कळायला हवं होतं का? आणि मुलीला ते माहीत होतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं पाहिजे. ते मी बघतो, त्यांचा माणूस कित्येक महिने तिकडे फिरकलेला नाही. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं पाहिजे. धोका माहीत असून जो उडी घेतो, त्याला कायदा हात जोडतो."

"मग तिला कुठे माहीत होतं?" आई म्हणाली.

वकिलांनी हात वर केला. "थांबा वहिनी. मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मी फक्त कोणतं उत्तर उपयोगाचं आहे ते सांगतोय. कळलं ना बाळ?"

भिंगरी खुर्चीत बसून टेबलावरचा पेपरवेट बघत होती. "कळलं," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना कळून चुकलं की तिला माहीत होतं. मुलगी लहानपणी खोडी काढून आली की अशीच एखाद्या वस्तूकडे टक लावून बघायची. पण कळलं आणि तिथेच राहिलं, खाली उतरलं नाही. ते उठले आणि खुर्ची ढकलायला लागले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या कोर्टाला पायऱ्या भरपूर होत्या आणि उतार एकही नव्हता, तेव्हा भिंगरीला शहाणपण आयतंच मिळालं होतं. तरीही मास्तरांनी आणि दोन शिपायांनी तिला उचलून वर नेलं. पालिकेची वकीलबाई मागून येत होती. उंच, शिडशिडीत, केस घट्ट बांधलेले. तिने न सांगता खुर्चीचं एक चाक धरलं आणि वर पोचल्यावर हात झटकून पुढे गेली. आई पुटपुटली, "ढोंगी मेली."

आधी मास्तरांची साक्ष झाली. आपल्या वकिलांनी विचारलं, मुलगी किती तरबेज होती?

"विशेष काही नाही," मास्तर म्हणाले. "जायची अधूनमधून. पोरांबरोबर खेळायची."

"म्हणजे नवशिकीच म्हणायची?"

"हो. नवशिकीच."

वकीलबाई उठली. "तुम्ही तिला खेळताना किती वेळा पाहिलंत?"

मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. "नाही पाहिलं."

"एकदाही नाही?"

"नाही."

"माझे प्रश्न संपले," ती म्हणाली आणि बसली. मास्तर परत येऊन बाकावर बसले. बायकोने त्यांच्या कानात सांगितलं, छान बोललात. आपले वकील मग बराच वेळ बोलले. ही एक साधी, अजाण मुलगी. हिला त्या खेळातलं काय कळत होतं? लोखंड काय, पाइप काय, हिला कुठली अक्कल? त्यांनी तिला इतकं अजाण करून टाकलं, की पुढे बसलेल्या न्यायाधीशांना वाटावं, ही पोरगी वाट चुकून हौदात गेली असेल. भिंगरी मान खाली घालून ऐकत होती. तिच्या बाजूने बोलणारा माणूस तिची एकेक गोष्ट काढून घेत होता.

वकीलबाईने एक व्हिडिओ दाखवायची परवानगी मागितली. भिंतीवर पडदा होता. त्यावर हौद आला.

आणि भिंगरी आली. कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही तिने. काठावरून बोर्डासकट खाली गेली, तळाशी गुडघ्यात वाकली, समोरच्या भिंतीवर चढत गेली आणि काठाच्या वर, मोकळ्या हवेत निघाली. तिथे ती एक क्षण थांबली. खरोखर थांबली, घाई नसल्यासारखी. मग हवेतच वळली, पुन्हा खाली आली, आणि येता येता काठावरच्या पाइपवरून घासत गेली. कड्डाड असा आवाज झाला. मागे पोरं ओरडत होती. ती हसत होती. एवढं तोंड उघडून हसताना मास्तरांनी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"न्यायाधीशसाहेब," वकीलबाई म्हणाली, "या मुलीला इथे सकाळपासून नवशिकी म्हटलं जातंय. मला ते पटत नाही. मी या प्रकरणासाठी हा खेळ जाणणाऱ्या अनेकांना भेटले. ते म्हणाले, या गावात अशी मुलगी दुसरी नाही. मुलगाही नाही. मोठी मुलं हिच्याकडून शिकायला यायची. ती चुकायची कमी, पण चुकली तर का चुकली हे तिला त्याच वेळी कळायचं. हौदाचा कानाकोपरा तिला पाठ होता. तिला अजाण म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे."

आता बघा, ही बाई कोण? पालिकेने पगार देऊन उभी केलेली, यांचं घर आणि यांचे उपचार हाणून पाडायला आलेली. आणि त्या अख्ख्या खोलीत भिंगरीबद्दल चांगलं बोलणारी तेवढी एकटीच. भिंगरीने मान वर केली होती. ती पडद्याकडे नव्हे, वकीलबाईकडे बघत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. मास्तरांनी तो पाहिला. भूल उतरताना पहिल्यांदा दुखायलाच लागतं.

साक्षीच्या पिंजऱ्याला दोन पायऱ्या होत्या, म्हणून भिंगरीची खुर्ची त्याच्या शेजारीच ठेवली. वकीलबाई तिच्यासमोर आली, तिने आवाज जरा खाली आणला.

"हौदाचा काठ तू नीट ओळखायचीस?"

"हो."

"त्याला मेण लावायचात तुम्ही?"

"हो. मेणबत्ती घासायचो. म्हणजे बोर्ड सरकतो." ती आईकडे वळली. "घरातल्या मेणबत्त्या मीच न्यायचे."

कोणीतरी हसलं. आई हसली नाही.

"मग ज्या पाइपवर रोज मेणबत्ती घासायची, तो एका जागी हलतोय हे हाताला कळत असेल?"

आपले वकील उठले, काहीतरी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती नाकारली. मास्तरांना ते सगळं लांबून ऐकू येत होतं. 'नाही' म्हण, असं त्यांना वाटत होतं. त्यांना तळमजल्यावरचं घर दिसत होतं, दाराशी उंबरा नसलेलं. सुताराची पाठ दिसत होती. एक शब्द, बाळा, दोन अक्षरी. पण त्याच वेळी त्यांना हेही कळत होतं, की तो शब्द उच्चारला की पडद्यावरची ती मुलगी या जगात कधी नव्हतीच असं कागदोपत्री ठरणार. पाय जमीन दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता.

"माहीत होतं," भिंगरी म्हणाली.

"पाइप सैल आहे हे?"

"हो. सगळ्यांनाच माहीत होतं. तिथे आलं की टक् असं वाजायचं. तो आवाज आला की मी वळायचे."

"पालिकेला कोणी कळवलं नाही?"

"नाही. शाळेजवळच्या मैदानातला झोपाळा मोडलाय म्हणून आम्ही मागे कळवलं होतं, तर तुम्ही मैदानाला पत्रे ठोकलेत. ते अजून तसेच आहेत, आत झाडं उगवलीत. म्हणून आम्ही ठरवलं होतं, हौदाचं कोणी काही बोलायचं नाही."

आपल्या वकिलांनी नवं पेपरमिंट सोलायला घेतलं.

"म्हणजे त्या दिवशी पाइपमुळे तू पडलीस?" वकीलबाईने विचारलं. खरं तर हे विचारायची तिला गरज नव्हती. हवं ते मिळालं होतं.

"ते मला माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "पाइप जास्त सरकला की मी उशिरा वळले. रोज विचार करते. कळत नाही."

निकाल लगेच लागला नाही, पण लागण्यासारखं काही उरलंही नव्हतं. बाहेर व्हरांड्यात वकिलांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, "एवढी हुशार मुलगी, आणि..." म्हणाले आणि दुसऱ्या केसला गेले. आई भिंगरीसमोर उभी राहिली.

"हरिश्चंद्राची अवलाद! एक शब्द बोलायचा होता तुला. एकच. जिना काय मी पाठीवर घेऊ?" तिचा आवाज फुटला. "सगळ्यांना माहीत होतं म्हणे. मला नव्हतं माहीत! मला कोणी सांगितलं?" आणि ती तोंडावर पदर धरून शिपायांना शोधायला निघून गेली, कारण काही झालं तरी खुर्ची खाली उतरवायची होतीच.

व्हरांड्याच्या टोकाला वकीलबाई फोनवर बोलत होती. मास्तर तिच्याकडे गेले. का गेले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. भांडायला नक्कीच नाही.

"हो, हौदाचा पाइप," ती फोनवर सांगत होती. "नाही, आता तसं म्हणता येणार नाही. आता आपल्याला माहीत आहे, कोर्टात सगळ्यांसमोर कळलंय. यापुढे कोणी पडलं तर आपल्या अंगावर येईल. दुरुस्ती नंतर बघू. आज संध्याकाळच्या आत बंद करा. पत्रे लावा." तिने फोन ठेवला आणि मागे वळली तर मास्तर.

"बोला," ती म्हणाली. तिचा चेहरा थकलेला होता.

"तो व्हिडिओ," मास्तर म्हणाले. "तो मिळेल का मला?"

वकीलबाईने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "माझ्याकडचा कशाला? तिने स्वतःच टाकलाय तो. केव्हाचा. कोणीही बघू शकतं. सगळं गाव बघून बसलंय." मग आपण काय बोललो ते तिला उमगलं असावं. "तसे बरेच आहेत तिचे," ती हळू म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

मास्तर परत आले आणि भिंगरीच्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसले. खाली रस्त्यावर गाड्या वाजत होत्या. काय करावं न सुचून त्यांनी तिच्या मांडीवर घसरलेली शाल सारखी केली.

"पार्क बंद करतायत का?" भिंगरीने विचारलं.

"हो. आजच."

"वाटलंच." ती म्हणाली. "पोरं मला शिव्या देतील. पण दुसरं कोणी पडणार नाही आता." मग म्हणाली, "बाबा, मी नाही म्हटलं असतं तर घर मिळालं असतं ना?"

"हो."

"तुम्ही रागावलात?"

मास्तरांनी आत शोधून पाहिलं. राग नव्हता. तिथे दुसरंच काही होतं, मोठं आणि धारदार, आणि इतक्या महिन्यांनी ते त्यांना लागत होतं, सगळीकडून लागत होतं. "मी एकदाही आलो नाही," ते म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं. मी सोडून."

"तुम्ही आला असतात तर मी पहिल्याच फेरीला आपटले असते," भिंगरी म्हणाली. "तुम्ही शेजारी बसलात की लोकांच्या गाड्या बंद पडतात, मला माहितीये." ती जरा हसली. कितीतरी दिवसांनी.

मास्तरही हसले, या वेळी तिच्याबरोबरच.

"तरी काठावर उभी राहिले की मी आधी एकदा फाटकाकडे बघायचे," ती म्हणाली. "तुम्ही आलायत का म्हणून."

"म्हणजे लपायला?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

आई दोन शिपायांना घेऊन आली. त्यांनी खुर्चीची एक बाजू धरली, दुसरी मास्तरांनी धरायची होती. ते उठले, वाकले, आणि त्यांना काही दिसेना. शिपाई म्हणाला, साहेब, धरलंत का? ते म्हणाले, थांबा. सगळे थांबले.